काळ्या टी-शर्टवर रेडियम पोपटी

गोकुळाष्टमीच्या आधीचा महिना-दीड महिना आमच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या गाळ्यात दुसऱ्या कामाला जागा नसते. कंपन्यांचे युनिफॉर्म, शाळांचे स्पोर्ट्स डे, कुणाच्या लग्नातले ‘टीम ब्राइड’, सगळं मागे सरकतं आणि गोविंदा पथकांचे टी-शर्ट सुरू होतात. ठाणे, मुलुंड, भांडुप, डोंबिवली, कल्याण, जिथे चाळ तिथे पथक, आणि प्रत्येक पथकाला आपली पोरं त्या गर्दीत लांबून ओळखू यायला हवी असतात. पूर्वी टी-शर्टच पिवळा, भगवा किंवा आकाशी असायचा आणि त्यावर एका रंगात नाव. एक फ्रेम, म्हणजे चौकटीवर ताणलेली छपाईची जाळी, एक हात, म्हणजे तिच्यातून शाईची एक ओढ, सुकलं की घडी. आता टी-शर्ट काळा हवा असतो आणि त्यावरचा रंग डोळ्यांत घुसणारा. ‘ताई, रेडियम पाहिजे, रेडियम’ हे वाक्य जुलैत मी इतकं ऐकते की समोरचा तोंड उघडायच्या आधीच कपाटातून नमुने काढून ठेवते.

यातल्याच एका पथकाची ही गोष्ट. साडेतीनशे टी-शर्ट. पाठीवर पथकाचं नाव रेडियम पोपटीत, त्याखाली स्थापनेचं साल आणि गावदेवीचं नाव रेडियम नारिंगीत, आणि सगळ्यात खाली स्पॉन्सर असलेल्या भाऊंचं नाव, फोटोसकट. ऑर्डर द्यायला प्रशिक्षक आणि खजिनदार दोघे आले होते. खजिनदारांनी फोन पुढे केला. फोनवर काळ्या टी-शर्टचं चित्र होतं आणि त्यावरची अक्षरं दिव्यासारखी पेटलेली.

फोनच्या चित्रावरून हा रंग ठरवता येत नाही, हे पहिल्यांदा सांगावं लागतं. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो, त्यामुळे त्यावर कुठलाही पोपटी पेटलेलाच दिसतो. उलट, छापलेल्या खऱ्या रेडियम रंगाचा फोटो काढला की कॅमेऱ्याला तो झेपत नाही, फिका पिवळट तरी येतो नाहीतर सपाट ढब्बा येतो. चार रंगांच्या छपाईत तर तो बसतच नाही. म्हणून पँटोनचं, म्हणजे नंबर दिलेल्या रंगांच्या नमुन्यांचं, पुस्तक काढायचं आणि गाळ्याच्या दारात, बाहेरच्या उजेडात धरायचं. त्यात ८०१ ते ८०७ अशी निऑनची पानं आहेत. पोपटी ८०२, नारिंगी ८०४. बाहेर पाऊस भरून आला होता. अशा ढगाळ उजेडात हे रंग भर उन्हापेक्षाही जास्त उठतात. दोघांनीही एकदम ‘हेच, हेच’ केलं.

“रात्रीपण चमकणार ना?” खजिनदारांनी विचारलं.

चमकणार नाही. रात्री अंधारात आपोआप चमकतो तो वेगळा रंग, तो आधी उजेड साठवतो आणि मग हळूहळू सोडतो. आपला रेडियम त्याच्यावर उजेड पडेल तेवढा वेळच चमकतो. चौकात फ्लड लाइट असले तर दिसेल, लाइट गेले की तोही गेला. हे मी ऑर्डरच्या कागदावर लिहूनच देते, कारण हंडी फुटल्यावर रात्री दहाला येणारे फोन याच विषयावर असतात.

ॲडव्हान्स घेण्याआधी तीन नमुने दाखवायचे हा आमचा रिवाज आहे. तिन्ही एकाच काळ्या कापडावर, एकाच डब्यातल्या शाईने. पहिल्यात पोपटी थेट काळ्यावर छापलेला असतो. तो दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. तिरपं धरलं तर शेवाळी डाग आहे एवढं कळतं. दुसऱ्यात त्याच पोपटीत पांढरी शाई कालवलेली असते. ‘झाकत नाही ना, मग थोडा पांढरा टाका की,’ असं सुचवणारे गिऱ्हाईक दर सीझनला भेटतात, त्यांच्यासाठी हा नमुना. रंग काळ्यावर उभा राहतो खरा, पण पिस्ता बर्फीसारखा. चमक मेलेली. तिसऱ्यात आधी पांढरा, तो थोडा शेकून वर पोपटी. हा तिसरा टेबलावर ठेवला की बोलावं लागत नाही.

आता असं का होतं, ते एकदा नीट सांगते, कारण पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. साध्या पोपटी शाईतला रंग काय करतो, तर पडलेल्या उजेडातला पोपटी भाग परत पाठवतो आणि बाकीचा ठेवून घेतो. फ्लुरोसंट शाईत, म्हणजे आपल्या रेडियममध्ये, रेझिनचे, म्हणजे राळेसारख्या प्लास्टिकचे, बारीक कण असतात आणि त्या कणांत डाय, म्हणजे विरघळणारा रंग, मुरवलेला असतो. हा डाय डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा उजेड पितो आणि त्या बदल्यात पोपटी उजेड बाहेर टाकतो. म्हणजे पडलेल्या उजेडात जेवढा पोपटी होता त्याहून जास्त पोपटी आपल्या डोळ्यांत येतो. मेंदूला ते खोटं वाटतं, म्हणून ‘पेटल्यासारखं’ दिसतं. पण हा नवा उजेड सगळ्या दिशांना जातो. खाली जाणारा उजेड काळं कापड गिळून टाकतं. शाई स्वतः पारदर्शक, त्यामुळे कापडाचा काळेपणाही तिच्यातून आरपार दिसतो. खाली पांढरं असेल तर खाली गेलेला उजेड परत वर फेकला जातो. आणि पांढरा आत कालवला तर? पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते अतिनील किरण स्वतःच खाऊन टाकतं आणि बाकीचा उजेडही डायपर्यंत पोचायच्या आत विखरून देतं. पांढऱ्याची जागा खालीच. आत नाही आणि वर तर नाहीच.

या रंगांचा शोध अमेरिकेत १९३० च्या दशकात बॉब आणि जो स्वित्झर या दोन भावांनी लावला. पुढे ‘डे-ग्लो’ हे नाव त्यातूनच आलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांना वरून दिसावेत म्हणून सैनिक या रंगाच्या कापडी पट्ट्या जमिनीवर पसरत. वरून दिसायला हवं ही गरज गोविंदांचीही आहे, फरक इतकाच की वर विमानाऐवजी गॅलरीतली माणसं आणि चॅनेलचा ड्रोन असतो.

कापडावरून थोडी खेचाखेच झाली. प्रशिक्षकांना ड्राय-फिट, म्हणजे पॉलिस्टर हवं होतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं: पोरं सकाळपासून पाण्यात, ओलं कॉटन जड होतं, अंगाला चिकटतं. पण काळ्या पॉलिस्टरला चढवलेला डाय उष्णतेने उडतो. १६० अंशांवर शाई पिकवायला, म्हणजे उष्णतेने पक्की करायला, घेतली की तो कापडातून वाफ होऊन शाईत शिरतो. पांढरा करडा पडतो आणि त्यावरचा पोपटी मळकट होतो. कधी मशीनमधून निघताना छान दिसतो आणि गठ्ठ्यात दोन दिवस राहिल्यावर रंग बदलतो. हा डाय अडवणारी करडी बेस शाई मिळते, कमी तापमानावर पिकणाऱ्या शायाही मिळतात, पण साडेतीनशे नगांवर मी तो जुगार खेळत नाही. शेवटी तोड निघाली. सगळ्यांना तिरुपूरचं शंभर टक्के कॉटन, १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं, रोवं कमी करायला बायोवॉश केलेलं. फक्त वरच्या थरांवर जाणाऱ्या थोड्या पोरांना हलकं ड्राय-फिट, आणि त्यावर शाईऐवजी प्लॉटरवर कापलेलं निऑन व्हिनाइल, हीट प्रेसने कमी तापमानावर चिकटवलेलं. ते काम एका दुपारचं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

प्रशिक्षकांनी दुसरी एक गोष्ट सांगितली ती मात्र मला आजवर कुणी सांगितली नव्हती. डिझाइनमध्ये पथकाचं नाव अर्धवर्तुळात होतं आणि त्याची दोन टोकं खांद्यांवर जात होती. त्यांनी माझ्या पेन्सिलीने खांद्याजवळ आडवी रेघ मारली. “याच्या वर काही छापू नका ताई. वरच्याचा पाय इथे बसतो. कापडावर पाय ठरतो, ओल्या रबरावर सरकतो.” प्लास्टिसॉल, म्हणजे आमची ही शाई, तिचा थर म्हणजे अखेर प्लास्टिकचा पापुद्राच, आणि इथे तर तीन थर एकावर एक. मी अर्धवर्तुळ काढून सरळ ओळ केली आणि ती पाठीच्या मध्यावर उतरवली. डिझाइन करणाऱ्या पोराला ते आवडलं नाही. त्याला सांगितलं, खाली तू उभा राहा मग.

खरी मेहनत डिझाइन फोडताना, म्हणजे एकेका रंगाचा भाग वेगळ्या फ्रेमसाठी सुटा करताना. पांढरा बेस हा वरच्या रंगापेक्षा किंचित लहान ठेवावा लागतो. टी-शर्ट पॅलेटवर, म्हणजे तो ज्या फळीवर चढवतो तिच्यावर, केसभर सरकला किंवा फ्रेम जरा हलली तर पोपटी अक्षराच्या कडेला पांढरी किनार दिसते, आणि काळ्यावर पांढरी किनार म्हणजे बोंबच. म्हणून पांढऱ्याची कडा चारी बाजूंनी ०.४ मिलिमीटर आत घ्यायची. रोमन लिपीतल्या ठोकळेबाज अक्षरांना याचा काही त्रास नाही. देवनागरीत मात्र सुलेखनाचा फॉन्ट, वर सुरीसारखी टोकं, रफार, वेलांटीचा बारीक शेपटा आणि ‘गोविंदा’च्या डोक्यावरचा अनुस्वार. समजा वेलांटीचा शेपटा १.२ मिलिमीटर जाड आहे. दोन्ही बाजूंनी ०.४ गेले, उरला ०.४. पांढऱ्यासाठी वापरतो त्या जाड जाळीत एवढी रेघ धरत नाही, तुटक तुटक येते. म्हणजे शेपटाच्या खाली पांढरं नाही, आणि पांढरं नाही तिथे पोपटी नाही. लांबून ‘गोविंदा’ची वेलांटीच गायब. मराठी पथकाच्या पाठीवर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ व्हायचा असेल तर तो मंडळाने करावा, आमच्या जाळीने नको.

त्यामुळे फॉन्ट तसाच न घेता प्रत्येक अक्षर फुगवलं. सगळ्यात बारीक रेघ दोन मिलिमीटरच्या खाली जाऊ दिली नाही, टोकं बोथट केली, अनुस्वार चांगला टपोरा केला, आणि ‘क्त’, ‘द्ध’सारख्या जोडाक्षरांतल्या पोकळ्या उघडल्या, नाहीतर शाई पसरून त्या बुजतात. संगणकावर हे जरा गावठी दिसतं. कापडावर चार हातांवरून बघितलं की बरोबर दिसतं.

भाऊंच्या फोटोचा प्रश्न होताच. खजिनदारांची इच्छा होती की भाऊ पण रेडियममध्ये यावेत. पोपटी चेहऱ्याचे भाऊ निवडणुकीच्या तोंडावर कसे दिसतील याचं चित्र मी तोंडीच रंगवलं आणि विषय मिटला. चेहरा पांढऱ्यात, ठिपक्यांनी, सावल्यांच्या जागी टी-शर्टचा काळा मोकळा सोडून. पण ठिपके बारीक हवे तर जाळीही बारीक हवी. इंचाला ४५ ओळींचे ठिपके धरायला जाळीला त्याच्या चौपट-पाचपट धागे लागतात, म्हणून त्याला इंचाला २०० धाग्यांची वेगळी फ्रेम. पांढऱ्या बेसला ११० ची, कारण तिथे शाई भरपूर उतरायला हवी. रंगांना १४० ची. रेडियमचे कण साध्या रंगाच्या कणांपेक्षा मोठे असतात आणि थरही जरा भरीव लागतो, तो फार बारीक जाळीतून उतरत नाही. झाल्या चार फ्रेमा. मशीन चार बाय चारचं, फ्रेमा धरणारे चार हात, चार पॅलेट, त्यामुळे बसलं.

पावसाळ्यात फ्रेम तयार करणं हे वेगळंच दुखणं आहे. जाळीला इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारं रसायन, लावलं की ते पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर डिझाइन ठेवून उजेड पाडायचा (एक्स्पोज करायचं) नाही. हाताला कोरडं लागतं पण आत ओल असते, आणि मग धुताना कडा सुटतात, बारीक भोकं पडतात. श्रावणात आमच्या गाळ्याच्या भिंतींनाच पाझर फुटतो. म्हणून आतल्या अंधाऱ्या खोलीत हवेतली ओल ओढणारं यंत्र लावून, पंखा संथ ठेवून फ्रेमा रात्रभर आडव्या. सकाळी मामा त्या उचलतात. मामा म्हणजे आमचे जुने कारागीर. टेबलावर खादी छापण्यात त्यांची हयात गेली. खादी म्हणजे कापडावरची ती पांढरी जाड पेस्ट, साड्यांवर आणि चादरींवर असते ती. मामा प्रत्येक फ्रेमवर बोटाने टिचकी मारतात. जाळी ढोलासारखी वाजली तर ठीक, ढप्प वाजली तर ती फ्रेम बाजूला. मी मीटर आणलाय, तो ताण न्यूटनमध्ये दाखवतो. मामांची टिचकी आणि मीटर यांच्यात फारसं भांडण होत नाही.

छपाईचा क्रम असा ठरला: आधी पांढरा बेस, लगेच त्याच ओल्यात भाऊंचा चेहरा, कारण दोघांची जागा वेगळी. मग फ्लॅश, म्हणजे हीटर वर धरून शाई वरवर सुकवणं. मग बेसवर पांढऱ्याचा दुसरा हात. पुन्हा फ्लॅश. मग नारिंगी आणि शेवटी पोपटी. रेडियम शाया जात्याच चिकट असतात. फ्लॅश केल्या तरी बोटाला लागतात आणि पुढच्या फ्रेमच्या बुडाला चिकटतात, म्हणून त्यांना कायम शेवटी ठेवायचं.

पांढऱ्याला दोन हात का? कॉटनला रोवं असतात. पहिला हात मारला की काळे केस थरातून वर डोकं काढतात. जवळून बघितलं तर पांढऱ्या जमिनीवर काळी लव दिसते. त्यावर पोपटी छापला तर प्रत्येक केस थोडा थोडा उजेड खातो आणि अख्खा रंग एक पायरी उतरतो. एकदम जाड थर ओतूनही हे मिटत नाही, उलट तो खरखरीत होतो आणि घोंगडीसारखा जड पडतो. पहिल्या हाताने रोवं दाबून बसवायची, फ्लॅशने तिथेच गोठवायची आणि दुसऱ्या हाताने वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. मामांचा हात यात बघण्यासारखा असतो. स्क्विजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, जवळजवळ उभी, दाब बेताचा, वेग एकसारखा. शाई कापडाच्या आत घुसवायची नाही, वर ठेवायची. फ्रेम कापडापासून दोनेक मिलिमीटर उचललेली असते आणि स्क्विजी पुढे गेली की मागची जाळी टच्च करून सुटते. जाळी चिकटून मागाहून सुटली तर थरावर कातडं ओढल्यासारखे व्रण उठतात. नव्या पोरांचं सगळं लक्ष रंगावर असतं. पांढरा मारताना ते गप्पा मारतात आणि पोपटी आला की जीव मुठीत धरतात. मामा त्यांना सांगतात, “गप्पा पोपटीला मारा. तो काय, कुणीपण छापेल.”

फ्लॅशचं गणित दिवसभर बदलत राहतं. हीटर पांढऱ्यावर काही सेकंद धरायचा, बोट लावलं तर शाई बोटाला येऊ नये पण आतून कच्ची राहावी. पूर्ण पिकली तर वरचा रंग तिला धरत नाही. पहिल्याच धुण्यात पोपटी सालीसारखा निघतो आणि खाली पांढरं नाव उरतं. सकाळी पॅलेट गार असतात तेव्हा वेळ जास्त लागतो. तासाभराने पॅलेट तापतात आणि तेवढ्याच वेळात शाई करपायला लागते. शिवाय गरम पॅलेटवर फ्रेम टेकली की जाळीतलीच शाई घट्ट होते. नारिंगीच्या अक्षरांत भोकं दिसायला लागली की समजायचं पॅलेट तापलेत. म्हणून चारपैकी एक पॅलेट नुसता थंड व्हायला फिरता ठेवतो, त्यावर टेबल फॅन. उत्पादन कमी होतं. होऊ दे.

यात एकदा वीज गेली. फ्लॅश बंद पडला याचं काही नाही, प्लास्टिसॉल उघड्यावर सुकत नाही, तासभर तसंच राहिलं तरी बिघडत नाही. पाण्याच्या शाईत हे सुख नाही. खरी धावपळ ड्रायरकडे, जिथे पट्ट्यावरून टी-शर्ट पिकायला जातात. पट्टा थांबला आणि आत चार टी-शर्ट अडकले, वरच्या कॉइल अजून लालसर. आमच्याकडे त्यासाठी पाईपाला लोखंडी आकडा बांधून ठेवलाय. दोघांनी मिळून बाहेर ओढले. एकाच्या बाहीवर करपल्याचा तांबूस डाग पडला. तो मामांच्या नातवाकडे गेला.

पिकवण्यातही पावसाळा नडतो. ड्रायरच्या काट्यावर १६० दिसतं ते आतल्या हवेचं. शाईच्या थराला बुडापर्यंत ते तापमान मिळायला हवं, आणि इथे थर जाड. श्रावणातल्या कॉटनमध्ये ओल भरलेली असते. आधी ती ओल वाफ होऊन जाते, तोपर्यंत शाई तापतच नाही. टी-शर्टमधून वाफ निघताना दिसते. म्हणून पट्टा हळू. पण तापमान वाढवून काम उरकू म्हटलं तर रेडियम रंग जास्त उष्णतेत मंदावतात, पोपटीचा पिवळटपणा वाढतो. म्हणजे तापमान तेवढंच आणि वेळ जास्त. पट्ट्याच्या तोंडाशी लेझर गन धरून प्रत्येक गठ्ठ्यातल्या एकाचं तापमान बघायचं आणि गार झाल्यावर अक्षर दोन्ही हातांनी ताणायचं. तडा गेला तर कच्चं. शिवाय पहिल्या दिवशीचा एक टी-शर्ट घरच्या वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात, आमच्याच चादरींबरोबर, दर वेळी टाकते. घरात याबद्दल माझ्याविषयी काय बोललं जातं ते लिहीत नाही.

माल न्यायला पोरं टेम्पो घेऊन आली. पहिला गठ्ठा उघडला आणि एकाने लगेच अंगातला शर्ट काढून नवा चढवला, दारात पाऊस भुरभुरत होता तिथे जाऊन पाठ करून उभा राहिला. रस्त्याच्या पलीकडच्या चहावाल्याने तिकडून पथकाचं नाव मोठ्याने वाचलं, वेलांटीसकट.

खजिनदार मात्र बिलावर अडकले होते.

“ताई, आम्ही रंग दोन सांगितले. भाऊंचा फोटो धरून तीन. तुम्ही फ्रेमा चार लावल्यात, आणि छपाई तर पाच हातांची लावलीय.”

“पांढऱ्याचे दोन हात आहेत.”

“पण पांढरा दिसतोय कुठे? जे दिसतच नाही त्याचे पैसे कसले?”

हा प्रश्न दरवर्षी येतो, माणूस फक्त बदलतो. मी पहिला नमुना, तो शेवाळी डागाचा, तयार टी-शर्टशेजारी ठेवला. म्हटलं, पांढऱ्याचे पैसे नको असतील तर साडेतीनशे असे देते, आजच देते, शाई पण कमी लागेल. प्रशिक्षक हसले. खजिनदारांनी दोन्हींवर आळीपाळीने हात फिरवला, मग वरचे सुटे पैसे तेवढे कापले आणि बाकीचे मोजले. सुटे कापणं हे ठरलेलंच असतं. आम्हीही ते बिलात आधी धरलेलं असतं.

जाताना नेहमीच्या सूचना दिल्या. पहिले दोन-तीन दिवस धुऊ नका, नंतर उलटा करून गार पाण्यात, छपाईवर इस्त्री नको. आणि उन्हात वाळवू नका, कारण रेडियम रंगाचं ऊन हेच मोठं दुखणं आहे. ज्या अतिनील किरणांवर तो चमकतो तेच त्याला हळूहळू मारतात. हंडीपुरता प्रश्न नाही, पण याच पथकातला एक मुलगा तो टी-शर्ट घालून दिवाळीपर्यंत रोज मैदानात क्रिकेट खेळला आणि मग माझ्याकडे घेऊन आला. पोपटी फिका हिरवट पिवळा झाला होता, नारिंगी त्याच्याही पुढे गेला होता. पांढरा मात्र खाली शाबूत. वरून परत रंग मारून देता का, म्हणाला. पिकलेल्या शाईवर नवा थर धरत नाही, आणि तेच अक्षर तिथेच परत बसवणं तर सोडाच. त्याला गठ्ठ्यातला एक जादा उरलेला दिला.

त्याच मुलाबरोबर खजिनदारांना निरोप पाठवला की पुढच्या वर्षीची ऑर्डर आषाढी एकादशीच्या आत द्या. फ्रेमा निवांत वाळतील, धुऊन बघायला वेळ मिळेल, पट्टा हळू चालवता येईल. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“ताई, टी-शर्ट तुम्ही म्हणाल तेव्हा सांगतो हो. पण आमचा स्पॉन्सर नागपंचमीच्या आधी कधी ठरलाय?”